शाळेतली निळी गोळी टाकून देऊ नका

मुलीचं दप्तर झाडलं की तळाशी निळी गोळी सापडते? वस्तीत अनेक आया सांगतात, "पोट दुखतं, शी काळी होते, म्हणून मीच नको म्हटलं."

ही गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची. सरकारी शाळेत सहावीपासून पुढे ती आठवड्यातून एकदा मोफत मिळते. लहान वर्गांना गुलाबी. अंगात रक्त कमी असलं की मूल लवकर दमतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्तच लागतं.

शी काळी होते ती लोहामुळे, घाबरू नका. मळमळ, पोटदुखी बहुधा उपाशीपोटी घेतल्याने होते. म्हणून गोळी शाळेतलं जेवण झाल्यावरच घ्यावी. आधी-नंतर तासभर चहा नको. घरी डाळ-भाजीवर लिंबू पिळा. जंताची गोळीही चुकवू नका. काही जंत आतड्यातलं रक्त शोषतात.

एक मात्र सांभाळा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

येत्या पालकसभेत उभं राहून विचारा: गोळी दर आठवड्याला मिळते का? जेवणानंतर मिळते का?