तवसें, त्याचें बीं आणि धोंडस

पावसाळा अर्धा उलटला म्हणजे दक्षिण कोंकणांतील परसांत व डोंगरउतारावरील मळ्यांत काकडीचे वेल मांडवावर चढून बसलेले असतात. त्यांवरील कोंवळीं फळें बाजारास जातात, कोशिंबिरीस लागतात, आणि घरांतील पोरें तर तीं जागच्या जागीं मिठाबरोबर फस्त करितात. परंतु एखाददुसरें फळ शेतकरीण मुद्दाम वेलावरच राहूं देते. तें हातभर वाढतें. त्याची हिरवी साल प्रथम पिवळी व मग तांबूस होते, तिजवर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात, आणि मग त्यास कोणी काकडी म्हणत नाहीं. तें तवसें झालें. संस्कृतांतील 'त्रपुस' ह्या शब्दापासून हें नांव आलें आहे. कांहीं गांवीं कोंवळ्या फळासहि तवसेंच म्हणतात, परंतु ह्या लेखांत तो शब्द पिकलेल्या फळापुरताच योजिला आहे.

ह्या तवशाचा तांदळाच्या रव्यांत व गुळांत जो पदार्थ भाजून करितात, त्यास रत्नागिरीकडे धोंडस म्हणतात व गोव्यांत तवसळी म्हणतात. अधिक मासांत जांवयास वाढावयाचे धोंडे ते निराळे. ते पुरणाचे असतात. धोंडस हा श्रावण-भाद्रपदांतला पदार्थ. नवें तवसें, हळदीचीं रुंद झालेलीं पानें, ओला नारळ आणि पावसानें गारठलेलें स्वयंपाकघर हीं सर्व एकाच वेळीं मिळतात तीं ह्याच दिवसांत. तळकोंकणांत व गोव्यांत गणपतीवर जी माटोळी बांधितात, तीतहि तवसें टांगण्याचा प्रघात आहे.

भाजून फुलविलेला गोड पदार्थ म्हटला कीं त्यास भट्टी पाहिजे अशी शहरांतील समजूत असते. कोंकणांतील चुलीपाशीं मात्र भट्टीवांचूनच काम भागत आलें आहे. जाड बुडाचें पातेलें मंद निखाऱ्यावर ठेवावयाचें आणि त्यावरील सपाट झांकणावरहि निखारे पसरावयाचे, एवढीच युक्ति. ह्यासाठीं करवंटीचा निखारा उत्तम. तो लाकडाच्या निखाऱ्याहून अधिक वेळ टिकतो व धूर करीत नाहीं. वरचा विस्तव कशासाठीं, असें नवी सून विचारते तेव्हां तिला उत्तर नीट दिलें पाहिजे, कारण सगळी मेख तेथेंच आहे. नुसत्या खालच्या विस्तवानें बूड करपतें आणि वरचा भाग वाफेनें चिकट राहतो. वरून उष्णता मिळाली म्हणजे पृष्ठभागांतील पाणी निघून जातें, गूळ तांबूस होतो आणि खरपूस पापुद्रा धरतो. विस्तव वर थोडा अधिक व खालीं थोडा कमी असावा. ज्या घरीं हें उलटें होतें तेथें धोंडस नसून जळका सांजा मिळतो!

आतां कृति. दीड-दोन किलोचें एक तवसें घ्यावें. प्रथम देठाकडील एक काप चाखून पाहावा. काकडीवर्गांतील फळांत कुकुर्बिटॅसिन नांवाचीं कडू द्रव्यें असतात, आणि वेलास पाण्याचा ताण किंवा फार उष्णता लागली तर तीं वाढतात. देठाजवळ व सालीखालीं त्यांचें प्रमाण अधिक असतें. म्हणून देठाचा भाग कापून टाकण्यांत अर्थ आहे. तो तुकडा फळावर गोल गोल चोळून फेंस काढण्यानें मात्र विशेष कांहीं साधत नाहीं. फळ खरोखर कडू असेल तर तें सरळ टाकून द्यावें. गुळानें कडूपणा झांकत नाहीं, आणि असें फळ पोटांत गेल्यास ओकाऱ्या व ढाळ होऊं शकतात.

गोड निघालेलें तवसें सोलून उभें चिरावें व आंतील बीं त्याच्या बुळबुळीत गरासह निराळ्या भांड्यांत काढावें. तें फेंकूं नये. त्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. उरलेला पांढरा घट्ट मगज किसावा आणि सुटलेला रस किसांतच राहूं द्यावा. रसासह कीस चार वाट्या झाला तर तांदळाचा रवा दोन वाट्या, चिरलेला गूळ दीड ते दोन वाट्या, ओलें खोबरें एक वाटी, तूप पाव वाटी, चिमूटभर मीठ व वेलचीपूड, असें प्रमाण बसतें. रवा धुऊन वाळविलेल्या तांदळाचा जाडसर काढावा. घरच्या भाताची कणी असेल तर तीच दळावी. हा रवा तुपांत मंद आंचेवर खमंग भाजावा. भाजल्यानें प्रत्येक कणास तुपाचा लेप बसतो व कण सुटे राहतात. कीस व गूळ एकत्र उकळूं द्यावें, त्यांत रवा, खोबरें व मीठ घालून ढवळावें, झांकण ठेवून एक वाफ आणावी, आणि मग वेलची मिसळावी. बाहेरचें पाणी एक थेंबहि घालूं नये. तवशाच्या अंगचें पाणी तेवढें पुरतें. कोंवळ्या काकडीचें करावयास जावें तर पाणी फार आणि मगज थोडा, म्हणून धोंडसास तवसेंच लागतें. पिकलेल्या मगजास जी किंचित् आंबट चव असते, तीहि गुळाच्या गोडीस उठाव देते.

पातेल्यास तूप लावून तळाशीं हळदीचें पान पसरावें, वर हें मिश्रण थापावें आणि खालीं-वर विस्तव ठेवून पाऊण तास भाजावें. सुरी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे झालें. परंतु लगेच कापूं नये. गव्हांत जो चिवट अंश असतो तो तांदळांत नाहीं. धोंडसाची वडी धरून ठेवतें तें शिजून निवलेलें तांदळाचें पिष्ट. निवण्यापूर्वीं सुरी लावली तर भुगा होतो. हल्लीं कित्येक घरांत खाण्याचा सोडा घालून तें हलकें करूं पाहतात. माझ्या मतें हा अव्यापारेषु व्यापार आहे. सोड्याचा साबणासारखा वास तवशाच्या कोंवळ्या वासावर चढतो, आणि रव्याचा जो कणीदार दांतांखालचा गुण, तोच जातो.

प्रत्येक घराची धोंडसाची रीत थोडी वेगळी असते. कोठें काजूगर पडतो, कोठें जायफळ, कोठें गुळाचें प्रमाण इतकें कमी कीं वर तूप घेऊनच खावें लागतें. कोठें फणसाच्या दिवसांत बरक्या फणसाच्या रसाचेंहि धोंडस करितात. ह्या रीती बहुधा लिहिलेल्या नसतात. "रवा डोळ्यांनीं पाहून घाल," एवढाच आजीचा पाठ असतो, आणि ज्या नातीनें तो पाहिला ती मुंबईस गेली म्हणजे पाठ संपला. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० सालीं प्रसिद्ध झालें, त्यांतील वाटी-चमच्याच्या मापांमुळें नव्या संसारांना मोठा आधार मिळाला. पण एका घराची विशिष्ट रीत त्या घरांतील कोणी तरी वही घेऊन बसल्यावांचून टिकणार नाहीं. लिहितांना वाटीचें माप द्यावेंच, परंतु ती वाटी किती ग्रॅम रव्याची हेंहि एकदां तोलून टिपावें. वाट्या बदलतात.

चूल गेली म्हणून धोंडस जावें असें मुळींच नाहीं. विजेच्या भट्टींत १८० अंश सेल्सिअसवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत तें उत्तम होतें. गॅसवर करणाऱ्यांनीं जाड तव्यावर पातेलें ठेवून आंच अगदीं मंद ठेवावी, आणि शेवटीं वडी उलटून दुसरी बाजू तव्यावर भाजून घ्यावी. निखाऱ्याचा वास मात्र त्यांत येत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

येथवर पाकक्रिया झाली. कृषीवलांच्या मासिकांत ती इतक्या विस्तारानें देण्याचें कारण आतां सांगतों. काकडीचें बीं पिकलेल्या फळांतूनच मिळतें. कोंवळ्या काकडींतील बीं अपक्व असतें. तें पेरून उपयोग नाहीं. पिकलेल्या तवशास शहरी बाजारांत गिऱ्हाईक जवळजवळ नाहीं. म्हणजे बाजाराच्या हिशेबानें पाहिलें तर एकहि फळ वेलावर पिकूं देऊं नये, आणि बीं दरसाल दुकानांतून आणावें. घरच्या तवशाचें बीं पिढ्यान्‌पिढ्या टिकलें तें कोणी बीजसंवर्धनाची प्रतिज्ञा केली म्हणून नव्हे. घरांत धोंडस होत असे, त्यासाठीं फळ पिकविलें जाई, आणि बीं आपोआप निघे. एकाच फळाचा मगज पातेल्यांत जाई व बीं राखेच्या मडक्यांत. ज्या घरांत धोंडस बंद झालें त्या घरांतून दोन-चार वर्षांत त्या काकडीचें बींहि गेलें, असा अनुभव अनेक गांवीं येतो.

सुधारलेल्या वाणांस कमी लेखण्याचा हेतु येथें नाहीं. 'पूना खिरा' ही जुनी जात सर्वश्रुत आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठानें पावसाळी हवेस मानवणारी 'शीतल' ही जात दिली आहे. ह्या सरळ जातींचें बीं घरीं धरतां येतें. संकरित वाणाचें धरलेलें बीं पुढील वर्षीं एकसारखीं फळें देत नाहीं. आणि हरितगृहांतील कित्येक काकड्या तर परागीकरणावांचून धरणाऱ्या असल्यामुळें त्यांत बींच नसतें. त्यांचें तवसें होणार कसें? दुकानाच्या बियानें उत्पन्न वाढत असेल तर तें अवश्य पेरावें. परंतु परसांतील दोन वेल घरच्या जातीचे असूं द्यावे.

दोनच वेल म्हणण्याचें कारण असें कीं, एकाच वेलावर कोंवळें फळ तोडणें व तवसें पिकविणें हीं कामें एकमेकांस मारक आहेत. वेलावर एक फळ पिकूं लागलें कीं त्याचें बळ बियाकडे जातें आणि नवीं फळें कमी धरतात. म्हणून बाजारासाठींच्या सर्व वेलांवर एकेक तवसें ठेवणें तोट्याचें आहे. त्यापेक्षां सर्वांत निरोगी असे दोन वेल निवडून ते सबंध बियासाठीं व धोंडसासाठीं राखावे. बियाचें फळ हंगामाच्या अखेरचें, कसेंबसें उरलेलें घेऊं नये; आरंभींच्या धरणींतील सुडौल फळ राखावें. फळ धरतांच त्यास कागदी अथवा कापडी पिशवी बांधावी, म्हणजे फळमाशी त्यांत अंडीं घालीत नाहीं. किडून गळलेलीं फळें मांडवाखालीं पडूं न देतां खोल पुरावीं.

दुसरी अडचण परागाची. काकडीच्या एकाच वेलावर नर व मादी फुलें निराळीं असतात आणि पराग मधमाश्या नेतात. शेजारच्या बांधावर दुसरी जात असेल तर मिश्रण होणारच. यंदाच्या फळाची चव त्यामुळें बदलत नाहीं. बदल दिसतो तो त्याच्या बियापासून पुढील वर्षीं उगवलेल्या वेलावर. शुद्ध बियासाठीं दोन जातींत अर्ध्या ते एक किलोमीटरचें अंतर मागतात. कोंकणांतील चिंचोळ्या वाडींत तें कोठून आणावें? ह्यास दोन उपाय आहेत. एक, सबंध वाडीनें एकच घरची जात लावण्याचें ठरविणें. दुसरा हातानें परागीकरण करणें: उद्यां उमलणारी मादी कळी व नर कळी सायंकाळीं दोऱ्यानें बांधून ठेवाव्या, सकाळीं नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर लावावा, फूल पुन्हां बांधावें आणि देठास रंगीत चिंधी अडकवावी. मादी फूल ओळखणें सोपें. त्याच्या मागें इवलीशी काकडी असते.

धोंडसाच्या दिवशीं बाजूस काढलेलें बीं त्याच्या गरासह एक-दोन दिवस भांड्यांत आंबूं द्यावें. बुळबुळीत आवरण सुटतें. मग भरपूर पाण्यांत धुतां पोंचट बीं वर तरंगतें, तें ओतून द्यावें; तळाचें भरीव बीं सावलींत खडखडीत वाळवून चुलीच्या राखेंत घोळवून घट्ट बरणींत ठेवावें आणि बरणीवर साल लिहावें. कोरडें राहिल्यास तें तीन-चार वर्षें सहज उगवतें. कडू निघालेल्या फळाचें बीं मात्र कधींहि धरूं नये.

असें बीं राखणें, पेरणें, शेजाऱ्यास देणें किंवा विकणें ह्यास २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास स्पष्ट मुभा दिली आहे. फक्त संरक्षित वाणाचें बीं नाममुद्रा लावून विकतां येत नाहीं. ज्या वाडीची काकडी खरोखर वेगळी आहे, तिला शेतकऱ्यांचा वाण म्हणून नोंद करून घेण्याचीहि सोय त्याच कायद्यांत आहे.

धोंडस विकून पैसा करावा काय, असा प्रश्न महिला मंडळांकडून नेहमीं येतो. जवळच्या गिऱ्हाइकास, मागणीप्रमाणें त्याच दिवशीं भाजून देणें शक्य आहे. लांब पाठविण्याचा हा माल नव्हे. त्यांत ओलावा व ओला नारळ असल्यामुळें पावसाळी हवेंत तें दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर ठेवूं नये. विक्रीस प्रारंभ करण्यापूर्वीं अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालीं नोंदणी करून घ्यावी.

तवसें मात्र टिकाऊ आहे. देठासह काढलेलें, खरचटलेलें नाहीं असें फळ केळीच्या सोपाच्या दोरीनें गुंडाळून माळ्याखालच्या वाशास टांगलें तर तें कित्येक आठवडे, हवा कोरडी असल्यास कांहीं महिनेहि, चांगलें राहतें. फळें एकमेकांस टेकूं देऊं नयेत, आणि धूर लागेल अशा जागीं टांगलेलीं बरीं. दर आठवड्यास देठाजवळ अंगठ्यानें दाबून पाहावें. जें मऊ लागेल तें त्या दिवशींच उतरवावें, बीं भांड्यांत काढावें, आणि किसणी घ्यावी.