निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पंजा

गुडघा धरला किंवा पाय मुरगळला की ओढ्याकाठची निर्गुडी आठवते. पाला तव्यावर परतायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सोसेल तितका गरम शेक द्यायचा. यात गुण उष्णतेचा किती आणि पानाचा किती, असं घरात कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेला मात्र विचारावं लागतं.

तिथली रीत १९६२ पासून फारशी बदललेली नाही. लाल समुद्री शैवालातून काढलेलं कॅराजीनन (आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच!) उंदराच्या पंज्यात टोचतात. पंजा सुजतो. आधी अर्क पाजलेल्या उंदराचा किती कमी सुजला, ते मोजायचं. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ साली निर्गुडीच्या जून, ताज्या पानांचा पाण्यातला अर्क असाच तपासला. सूज कमी भरली, वेदनाही. सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स शरीरात तयार होतात, त्यालाच हा अर्क आडवा येत असावा, हा त्यांचा एक कयास. ॲस्पिरिनचं काम असंच चालतं, हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं.

निर्गुडीला ‘अँटीऑक्सिडंट’ही म्हणतात. या शब्दाचा तोरा मोठा, पण त्याची नेहमीची परीक्षा अगदी सोपी. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण गर्द जांभळं असतं. अर्क टाकला की पिवळट पडतं. जितक्या कमी अर्कात रंग उतरेल, तितका अर्क जोरकस. खर्च थोडा, निकाल झटपट, म्हणून कॉलेजच्या प्रकल्पांत ही चाचणी लाडकी. अडचण अशी, की हा रंग उतरवणारी फिनॉल गटाची द्रव्यं हिरव्या पानांत असतातच. त्यामुळे इथं नापास होणारं पान शोधावं लागेल. चहाची पत्तीसुद्धा झोकात पास होते. पोटात गेल्यावर आतडं आणि यकृत या द्रव्यांचं रूप पालटून टाकतात, रक्तात मूळ रूपात पोचतं ते थोडंच. नळीतला रंग उतरला म्हणून गुडघ्याची सूज उतरत नाही.

फिलिपाइन्सनं हेच झाड, तिथली ‘लागुंडी’, गांभीर्यानं घेतलं. माणसांवर चाचण्या केल्या, मात्रा ठरवली, गोळ्या आणि सिरप काढलं. तेही सुजेसाठी नव्हे, खोकल्यासाठी.

शेक खुशाल घ्या. काढा प्यायचा असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मात्र ‘पालाच तर आहे’ म्हणून गप्प बसू नका. आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.