छेदातली माणसं

कम्युनिटी हेल्थ नर्सिंगच्या पेपरात एक गणित हमखास येतं. गावाची वर्षमध्याची लोकसंख्या २०,०००. वर्षभरात ५०० जिवंत जन्म, एक वर्षाच्या आतल्या २५ बाळांचे मृत्यू, एक मातामृत्यू. तिन्ही दर काढा. कुक्षीत भाड्याच्या खोल्यांमधून नर्सिंगचा अभ्यास करणाऱ्या मुली हे गणित घोकून घोकून तोंडपाठ करतात: जन्मदर हजारी २५, अर्भकमृत्यूदर ५०, मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे २००. अंश सगळ्यांचा बरोबर येतो. गडबड होते ती छेदात. जन्मदराला लोकसंख्या घ्यायची आणि अर्भकमृत्यूला जिवंत जन्म, हे घाईत उलटसुलट होतं आणि हातचे पाच गुण जातात. (एका मृत्यूवरून लाखाचं प्रमाण काढणं फक्त पेपरातच चालतं, खऱ्या गावात नाही, हेही मी त्यांना सांगते. पण पेपर पेपरच असतो.)

कुक्षी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, निमाडात. बडवानीहून नर्मदेचा पूल ओलांडून पुढे गेलं की लागणारं कापसाच्या बाजाराचं गाव. धारच्या पवारांच्या संस्थानातला जुना परगणा. आजूबाजूला भिल्ल, भिलाला वस्ती. आयुष्यभर मी महाराष्ट्रात हाच विषय शिकवला. इकडच्या नात्यागोत्यामुळे परीक्षेच्या आधी काही दिवस इथे राहून मुलींची उजळणी घेते. घरी भिलाली किंवा निमाडी, शाळेत हिंदी आणि पुस्तक इंग्रजी, अशा तीन भाषा ओलांडून या मुली पेपरापर्यंत पोचतात. हाताशी जाडजूड ‘पार्क’ असतं. जबलपूरच्या बनारसीदास भानोत यांनी छापलेला हा ग्रंथ देशभरातले डॉक्टर आणि परिचारिका वाचतात. विकत घेणं परवडत नाही म्हणून एका खोलीत एकच प्रत, तीही आधीच्या तुकडीकडून आलेली, समासात चार जणींच्या अक्षरांतल्या टिपा.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, हा विषय पहिल्या वर्षी असतो आणि पुन्हा शेवटच्या वर्षी. पाठांतर भरपूर. भोर समिती १९४६, मुदलियार १९६२, कर्तारसिंग १९७३, अल्मा आटा १९७८. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे एक. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये. लहान मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तातडीने वरच्या रुग्णालयात. मुली हे चालीवर म्हणतात, पहाटे गच्चीवर फेऱ्या मारत म्हणतात. पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. रात्री दोनला उपकेंद्रात एकटी असताना ७ हा आकडा आठवावा लागत नाही, तो आतूनच येतो, आणि तो येतो कारण तो कधीतरी घोकलेला असतो.

प्रात्यक्षिकात बॅग टेक्निक असतं. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पिशवी ठेवायची. पिशवीचं बाहेरचं अंग अस्वच्छ, आतलं स्वच्छ, हे मनात पक्कं धरायचं. साबण आणि रुमाल काढून हात धुवायचे, एप्रन चढवायचा, लागेल तेवढं सामान एकदाच काढून पिशवी मिटायची. काम झालं की सामान स्वच्छ करायचं, पुन्हा हात धुवायचे, मगच पिशवी उघडायची. कागदाची जमिनीला लागलेली बाजू आत घेऊन घडी घालायची. एका मुलीला मी हे करताना पाहिलं. तिचे हात इतके नेमके चालत होते की पिशवी दुसऱ्यांदा उघडताना तिने आधी स्वतःच्या ओल्या बोटांकडे पाहिलं, ती कोरडी केली आणि मगच झाकणाला हात लावला. कुठल्याही गुणपत्रिकेत या एका थांबण्याला वेगळा गुण नाही. मी परीक्षक असते तर दिला असता.

परीक्षेच्या खोलीत हात धुवायला बादली भरून ठेवलेली असते. फलियात, म्हणजे आपल्याकडच्या पाड्यावर, घरं एकमेकांना लागून नसतात. एक घर या टेकाडावर, दुसरं पलीकडच्या, मध्ये शेत. पाणी घरातल्या बाईने हापशावरून डोक्यावर आणलेलं असतं. त्यातला लोटाभर मागायचा की नाही, मागितला तर तो वाया न घालवता हात कसे धुवायचे, हे त्या मुलींना कुणी शिकवत नाही. त्यांना ते येतं, कारण त्यांच्या आयांनी तेच पाणी वाहिलं आहे. आणि धार जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत त्या पाण्यातच फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही मर्यादा त्या पाठ करतात. पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात त्यांना पुस्तकातल्या चित्रात पाहावे लागत नाहीत.

व्यावसायिक आरोग्याच्या धड्यातल्या तक्त्याचंही तसंच. कोळशाची धूळ, अँथ्रॅकोसिस. उसाचा चोथा, बॅगॅसोसिस. कापसाची धूळ, बिसिनोसिस. सिलिका, सिलिकोसिस. जोड्या लावा, गुण घ्या, पुढे चला. पण धार, झाबुआ आणि अलीराजपूर या तीन जिल्ह्यांतून माणसं गोध्रा-बालासिनोरकडच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत गेली आणि गारगोटीची भुकटी छातीत घेऊन परतली. कित्येकांवर क्षयरोग समजून उपचार होत राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या, असा आदेश गुजरात सरकारला झाला. तक्त्यातली ही एक ओळ म्हणजे इथल्या घरांतला तरुण माणूस आहे. म्हणून ती ओळ आली की मी पुस्तक मिटायला लावते आणि विचारते: खोकणारा माणूस समोर बसला, औषधाने गुण येत नाही, तर पहिला प्रश्न कोणता? ‘कुठे कामाला होतात?’ हे उत्तर यायलाच हवं.

परीक्षेभोवतीची काळजी वेगळीच. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचा घोटाळा न्यायालयात गेला, २०२३ साली उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांना स्थगिती दिली आणि सीबीआयने तपासलेल्या ३०८ महाविद्यालयांपैकी ६५ अपात्र ठरली. चौकशी हवीच होती. पण २०२०-२१ सालच्या कितीतरी मुलींचं पहिलंच वर्ष वर्षानुवर्षं संपेना. वडिलांनी शेत गहाण टाकून भरलेल्या फीचं उत्तर त्या मुलींनी घरी काय द्यायचं?

पुन्हा छेदाकडे येते, कारण माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे. वर्षमध्य म्हणजे १ जुलै. त्या दिवशी इथली माणसं घरी असतात, पेरणीला आलेली. दिवाळीनंतर निम्मी घरं कुलूपबंद होतात. नवरा, बायको, तान्हं मूल, सगळे गुजरातेत मजुरीला. होळीआधीच्या भगोऱ्याच्या जत्रेला परततात, पुष्कळ जण पुन्हा जातात. सरदार सरोवराच्या पाण्यात तालुक्यातलं निसरपूर २०१९ साली गेलं. नवी वसाहत झाली, माणसं विखुरली. अशा ठिकाणी जानेवारीत लसीकरणाची टक्केवारी काढताना छेदात कुणाला धरायचं?

हा प्रश्न मी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला विचारला. फलियात १२ घरं, ५ बंद. तू काय लिहिशील?

ती म्हणाली, ‘‘मॅडम, बंद घरातलं मूल रजिस्टरातून काढायचं नाही. शेजारची म्हातारी सांगते कुठे गेलेत ते. तिच्याकडे फोन नंबर असतो. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यायला आधीच सांगायचं, म्हणजे तिकडे डोस मिळतो.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘माझ्या धाकट्या भावाचा गोवराचा डोस तसाच राहिला होता. नऊ महिन्यांचा होता, आम्ही साइटवर होतो.’’

पुस्तकातल्या धड्यात हे उत्तर नाही. बंद घरं वगळली तर टक्केवारी छान दिसते आणि उपकेंद्राला शाबासकी मिळते. ती धरली तर टक्केवारी पडते, पण मूल कुणाच्या तरी वहीत जिवंत राहतं. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, त्यांत कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून नर्सिंग शिकलेल्या मुली बसू लागल्या. त्यांनीच ही वही चालवायची आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. तिच्यातही आधी तेच ठरवावं लागतं: तपासायची माणसं किती, आणि त्यांतली आज घरी नसलेली कोणती.

हे एकट्या निमाडाचं नाही. नंदुरबारच्या पाड्यांवरून आणि बीडमधून ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, तिथेही दारांना अशीच कुलपं लागतात. हा विषय शिकवणाऱ्या आणि त्याचे पेपर काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणून एकच विनंती. २०,००० लोकसंख्येच्या त्या गणितात पुढच्या वेळी एक ओळ वाढवा: ‘त्यांपैकी ६,००० लोक सहा महिने स्थलांतरित असतात.’ आणि मुलींना विचारा, छेदात कोण कोण येईल ते कारणासह लिहा. पाच गुण त्यालाच ठेवा.