पाण्यातला रंग जातो कुठे?

परळ-लालबागच्या मोठ्या कापडगिरण्यांत साचेखातं असायचं तसं रंगखातंही असायचं. दादर चौपाटीलगत आज जिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय, ती इंदू मिल क्रमांक 6 रंगकामाचीच गिरणी होती. या धंद्याला शास्त्र जाणणारी माणसं हवी होती. मुंबई विद्यापीठानं 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, त्यात कापड-रसायनाला पहिल्यापासून मान होता. माटुंग्याची आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी) ती हीच. रंग कापडावर पक्का कसा बसवायचा, हे मुंबई लवकर शिकली. तो पाण्यातून कसा काढायचा, याचा विचार पुष्कळ उशिरा सुरू झाला.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव थंडावलं. कापडाचं काम भिवंडी, इचलकरंजीकडे वाढत गेलं आणि इचलकरंजीजवळच्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणाची ओरडही वाढली. इतर रंग-रसायनांचे कारखानेही तोवर शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतींत गेले होते. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्याच्या वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली. फेब्रुवारी 2020 मध्ये डोंबिवलीतला एक रस्ता गुलाबी झाला. परळ स्वच्छ झालं. रंगानं फक्त पत्ता बदलला.

हा रंग काढणं अवघड, कारण तो मुळात साबणाला आणि उन्हाला दाद न देण्यासाठीच घडवलेला असतो. सांडपाण्यावर काम करणाऱ्या जिवाणूंनाही तो सहजी पचत नाही. तुरटी-चुन्यानं तो खाली बसवता येतो, पण गाळाचे ढीग साचतात. सक्रिय कोळसा त्याला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमला 1000 चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो; मात्र तो महाग, आणि पुन्हा वापरायचा तर भट्टीत खूप तापवावा लागतो.

नॅनो पदार्थांची मोहिनी याच पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच 10 नॅनोमीटरचे घन केले, तर तो 600 चौरस मीटर होतो. म्हणजे खडीच्या खड्याएवढ्या ऐवजात चाळीतल्या दहा बाय बाराच्या पन्नासहून जास्त खोल्यांची जमीन! पण एवढी बारीक भुकटी पाण्यासोबत वाहून जाते, गोळा होऊन बसते, नाहीतर गाळणी तुंबवते. म्हणून ती कशावर तरी बसवावी लागते: माती, कोळसा, ग्राफिन ऑक्साइड किंवा कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून निघणारं कायटोसान. अशा जोडपदार्थाला नॅनोकंपोझिट म्हणतात. त्यात लोहाचं चुंबकीय ऑक्साइड असेल, तर काम झाल्यावर ते चुंबकानं ओढून बाहेर काढता येतं.

हे केवळ प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. डिसेंबर 2009 मध्ये टाटा केमिकल्सनं ‘स्वच्छ’ हा घरगुती फिल्टर मुंबईत आणला. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला, विजेविना चालणारा, सुरुवातीची किंमत 749 रुपयांपासून. त्यामागं पुण्याच्या टीआरडीडीसी संस्थेचं जुनं संशोधन होतं. त्याचा रोख रंगावर नव्हता, जंतूंवर होता. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटानं चांदीच्या नॅनोकणांनी कीटकनाशकं काढली, पुढं लोह आणि कायटोसानच्या जोडीनं आर्सेनिक काढणारं ‘अमृत’ तयार केलं. 2013 मध्ये या गटानं कायटोसानमध्ये बांधलेल्या दाणेदार पदार्थाचा खर्च एका कुटुंबाला वर्षाकाठी अडीच डॉलरच्या घरात मांडला. पिण्याच्या पाण्यात हे जमतं, कारण ते पाणी तुलनेनं साधं असतं.

रंगखात्याचं पाणी तसं नसतं. प्रयोगशाळेत बहुधा मिथिलीन ब्लूसारखा एकच रंग शुद्ध पाण्यात मिसळतात आणि ग्रॅममागं इतके मिलिग्रॅम धरले, असा आकडा छापतात. खऱ्या रंगकुंडात रिॲक्टिव्ह रंग कापडात उतरावा म्हणून लिटरला अनेकदा 50 ग्रॅमहून जास्त मीठ असतं. शिवाय सोडा, खळ, साबण, दोन-चार रंगांचं मिश्रण. हे सगळे पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या त्याच जागेसाठी भांडतात. पदार्थ भरला की आम्ल किंवा अल्कलीनं धुवावा लागतो, आणि मग त्या धुवणाचं काय करायचं? नॅनोकण स्वतःच पाण्यात सुटणार नाहीत, याचीही खात्री हवी.

शेवटी हा पदार्थ रंगाचा नाश करत नाही, त्याची जागा तेवढी बदलतो. धरलेला रंग चोथ्यात राहतो आणि चोथा घातक कचऱ्यात जातो. मुंबई परिसरातल्या घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचं एक सामायिक केंद्र आहे तेही तळोज्यालाच! म्हणून नव्या शोधाची बातमी वाचताना ग्रॅममागच्या मिलिग्रॅमवर भाळू नये. तोच दाणा खऱ्या सांडपाण्यात किती वेळा वापरता आला, आणि उरलेल्या चोथ्याचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला की शेजारच्या गावाच्या, हे विचारावं. गिरणगावात हा हिशेब कुणी मागितला नव्हता. इचलकरंजीत तो आजही मागता येईल.