आयुधे विसावतात तो दिवस

आज आश्विन शुद्ध नवमी. नवरात्राच्या सांगतेला येणाऱ्या या तिथीस आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे खड्ग. ज्या घराण्यांत तलवारी होत्या तेथे आज त्यांची पूजा होई. परंतु ज्यांच्या घरी शस्त्र नव्हते त्यांनीही हा दिवस केव्हाच आपलासा करून घेतला. सुताराने करवत आणि रंधा, लोहाराने घण आणि ऐरण, शेतकऱ्याने नांगर-कुळव धुऊन-पुसून मांडावा, गंधफूल वाहावे, झेंडूची माळ घालावी, आणि त्या दिवशी त्या आयुधाला कामाला लावू नये. पुढे कारखान्यांतील यंत्रे आली, एस.टी.च्या गाड्या आल्या, आता संगणकालाही कुंकू लागते. पूजा सर्वांनी उचलली. विसाव्याची अट मात्र हळूहळू गळत चालली आहे, आणि खरे तर तीच या व्रतातील अधिक हृद्य गोष्ट आहे.

माझे वडील जुळारी होते. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा तो जुळारी. लाकडी केसमधील शेकडो खणांतून एकेक अक्षर उचलायचे, हातातील स्टिकमध्ये उलटे बसवायचे, ओळ भरली की दुसरी धरायची. आठ-दहा तास उभ्याने हे काम करून नाना घरी येत तेव्हा त्यांच्याजवळ शब्द उरलेले नसत. जेवणे, सुपारीचे खांड तोंडात टाकणे आणि भिंतीला टेकून डोळे मिटणे. बाप म्हणजे काय काम करणारा मनुष्य, हे आम्हां भावंडांना वर्षातून एकदाच कळे, ते खंडेनवमीला. त्या दिवशी ते आम्हांला छापखान्यात नेत. ट्रेडल यंत्र रॉकेलने पुसून लख्ख केलेले असे, त्याच्या चाकाला माळ असे, शाईच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला असे. केसला हात लावायचा नसे, म्हणून नाना दुरूनच बोट दाखवीत : “तो बघ तुझ्या नावातला म. त्या खालच्या खणात काना.” एरवी अबोल असणारा तो मनुष्य त्या तासाभरात किती बोले! आपल्या कामाचा अभिमान आणि आपली मुले या दोन गोष्टी एका जागी पाहण्याचा त्यांचा तो एकमेव दिवस होता.

घरी परतल्यावर आईने मांडलेली पूजा दिसे. विळी, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणे, सूप, सर्वांना हळदकुंकू. १९६७ साली माझी धाकटी बहीण सहा-सात वर्षांची असेल. आईने विळीला फूल वाहिले, नमस्कार केला, आणि लगेच तेच फूल बाजूला ठेवून विळी पुढे ओढून ती भाजी चिरू लागली. बहिणीने सरळ विचारले, “नानांचं यंत्र आज झोपलंय ना? मग विळी का नाही झोपली?” आई हसली. नाना हसले नाहीत.

त्या प्रश्नाशी आपल्या संतपरंपरेचे फार जवळचे नाते आहे, असे मला पुढे वाटू लागले. कामाला देवपूजेची प्रतिष्ठा वारकरी संतांनी दिली, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. अरणच्या सावतोबांनी आपला मळा सोडला नाही. पंढरीची पालखीच त्यांच्या भेटीस आषाढ वद्यात अरणला जाते. परंतु तेरच्या गोरोबाकाकांची कथा तितकी सोपी नाही. नामात तल्लीन होऊन चिखल तुडविताना पायाखाली आपले रांगते बाळ आले, तेही त्यांना उमगले नाही. कथेच्या शेवटी विठ्ठलकृपेने बाळ परत मिळते, म्हणून आपण मधला भाग लवकर उरकतो. पण क्षणभर तेथे थांबावे. बाळाची आई त्या वेळी कोठे होती? ती पाण्याला गेली होती. म्हणजे तीही कामावरच होती. मूल तिने विश्वासाने पतीच्या स्वाधीन केले होते. एकाच्या तल्लीनतेची किंमत त्या अंगणात दुसऱ्या दोघांनी मोजली. तिचा आक्रोश कथाकारांनी लपवून ठेवला नाही, हा त्यांचा मोठेपणा होय.

आणि दुसरीकडे जनाबाई. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट करीत आयुष्यभर राहिली. गोपाळपूरला आजही तिचे जाते म्हणून भाविकांना दाखवितात. जाते ओढणाऱ्या बायकांना ठाऊक असते की ते दोघींनी ओढण्याचे यंत्र आहे. समोर कोणी बसले की भार निम्मा होतो. जनाबाईसमोर कोणी नव्हते. तेथे विठ्ठल येऊन बसला, असे ती सांगते. त्याने जात्याला फूल वाहिले नाही, जनीच्या कष्टांची स्तुतीही केली नाही. त्याने खुंटा धरला.

नानांनी त्या वर्षी बहिणीला उत्तर दिले नाही. आमच्या घरी नवमीला देवीला पुरणाचा नैवेद्य असे आणि तो ताजाच हवा, याबद्दल आईचे म्हणणे ठाम होते. विळीला सुट्टी देऊन भागणार नव्हते. पुढच्या खंडेनवमीला छापखान्यातून आल्यावर नाना पुन्हा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून स्वयंपाकघरात आले. आईने त्यांना आधी चिंचेने, मग डाळीच्या पिठाने हात घासायला लावले, कारण नखांतील शाई वर्षानुवर्षांची होती. मग ते पाट्यासमोर बसले. शिजलेली डाळ आणि गूळ पुढ्यात, हातात वरवंटा. “असा नाही, दोन्ही हातांनी, अंगचा भार देऊन,” आई सांगत होती. आईने नानांना काही शिकवल्याचे मी तेव्हा प्रथम पाहिले. जुळणीतील एक चुकलेली वेलांटी ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्यांच्या वरवंट्याखालून डाळीचे अख्खे दाणे सुटत होते. घामाने त्यांची पाठ ओली झाली. बऱ्याच वेळाने त्यांनी गोळा करून पुरण ताटलीत काढले आणि आईपुढे सरकवले.

आईने ते बोटांनी चाचपून पाहिले. “अहो,” ती म्हणाली, “दुसरं प्रूफ काढावं लागेल.”

नानांनी काही न बोलता ताटली पुन्हा पाट्यावर पालथी केली.