सातबाऱ्याशी नातं सांगणारा चेन्नईचा सेनापती

घरी शेती असेल, तर सातबारा उतारा तुम्ही पाहिलाच असेल. जमीन कोणाच्या नावावर, पीक कोणतं, सगळं त्यावर असतं. पण जमीन कसणाऱ्याचं नाव थेट सरकारदप्तरी असावं, मध्ये जमीनदार नसावा, या पद्धतीमागे एका लष्करी अधिकाऱ्याचा मोठा वाटा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

त्याचं नाव सर थॉमस मन्रो. चेन्नईच्या अण्णा सालै रस्त्यावर त्याचा भव्य अश्वारूढ पुतळा आहे. घोड्याला ना खोगीर, ना रिकीब! शिल्पकार विसरला, अशी गोष्ट तिथे सांगतात. पण शिल्पकार फ्रान्सिस चँट्रीने लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातला राजा चौथा जॉर्जही असाच बिनरिकिबीचा घडवला आहे. तेव्हा ही चूक नव्हे, त्याची पद्धतच म्हणायची.

अठराव्या वर्षी मद्रासला

मन्रोचा जन्म 1761 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. जानेवारी 1780 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत साधा कॅडेट म्हणून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला उतरला. त्याच वर्षी हैदर अलीशी युद्ध पेटलं. पुढे टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेतही तो होता.

1792 च्या तहात टिपूकडून बारामहालचा मुलूख कंपनीला मिळाला. आजच्या तमिळनाडूतला सेलम, धर्मपुरी, कृष्णगिरीचा हा भाग. तिथला महसूल पाहायला लोकांची भाषा येणारे मुलकी अधिकारी मिळेनात, म्हणून हे काम कॅप्टन रीड आणि मन्रो अशा लष्करी माणसांवर आलं. इथेच त्याच्या आयुष्याला वळण लागलं.

तंबूतला कलेक्टर

सात वर्षं मन्रो गावोगाव हिंडला. शेताची मोजणी, पिकाचा अंदाज, शेतकऱ्याशी बोलणं, हाच दिनक्रम. तिकडे बंगालमध्ये 1793 साली कंपनीने जमीनदारांशी कायमचा करार केला होता. मन्रोचं मत उलट झालं: सारा ठरवायचा तो थेट रयतेशी. हीच रयतवारी.

1800 ते 1807 या काळात बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा या भागात त्याने ती राबवली. पण हे चित्र एकरंगी नाही. तिथल्या पाळेगारांना त्याने कठोरपणे मोडून काढलं. शेतसाराही जड होता. 1807 मध्ये निघताना सारा एक चतुर्थांशाने कमी करावा, असं त्याने स्वतःच सुचवलं. तेव्हा ते मान्य झालं नाही.

सोलापूरच्या किल्ल्यापर्यंत

1817 मध्ये पेशव्यांशी अखेरचं युद्ध सुरू झालं, तेव्हा मन्रो पुन्हा घोड्यावर बसला. हाताशी नियमित फौज थोडीच. त्याने स्थानिक शिपाई भरती केले, घेतलेल्या मुलखात लगेच अंमलदार नेमले आणि तिथल्याच वसुलीवर मोहीम चालवली. बदामी, बेळगाव आणि मे 1818 मध्ये सोलापूरचा किल्ला पडला. आपल्या इतिहासातली ही दुखरी जागा आहे. राज्य कशाने जातं, याचा धडाही तिथेच आहे. तोफा होत्याच, पण गावकऱ्यांना आपल्या बाजूला वळवण्याचं कामही तितक्याच जोरात चाललं होतं.

गव्हर्नराच्या खुर्चीत

जून 1820 मध्ये, चाळीस वर्षांपूर्वी कॅडेट म्हणून आलेला हा माणूस मद्रासचा गव्हर्नर झाला. आता हुकूम सोडून भागणार नव्हतं. माणसांचं मन सांभाळायचं होतं.

त्याने आधी माहिती मागवली. 1822 मध्ये इलाख्यातल्या देशी शाळांची मोजणी करायला सांगितली. 1826 पर्यंत आकडे जमले: 12,498 शाळा आणि 1,88,650 विद्यार्थी. इंग्रजी शिक्षण येण्याआधी इथे काय होतं, हे शोधणारे अभ्यासक आजही हे आकडे उघडतात.

भारतीयांना वरच्या जागांपासून दूर ठेवणं म्हणजे त्यांचा मान घालवणं, असं तो मांडत राहिला. 31 डिसेंबर 1824 च्या टिपणात तर त्याने लिहिलं की, कधीतरी इथले लोक आपला कारभार आपणच चालवतील आणि तेव्हा इंग्रजांनी बाजूला होणं योग्य ठरेल. पण हाच माणूस वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या विरोधात होता. परकी सत्ता आणि मोकळी वृत्तपत्रं एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्याने साफ ओळखलं होतं. त्यातून त्याने सत्तेची बाजू निवडली, हेही विसरायला नको.

शेवटची फेरी

मायदेशी परतण्याआधी जुन्या जिल्ह्यांतल्या लोकांना भेटायला तो निघाला. वाटेत पत्तीकोंडा इथे कॉलरा झाला आणि 6 जुलै 1827 रोजी तो गेला. पुढे त्याचे अवशेष मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधल्या सेंट मेरी चर्चमध्ये आणले गेले. लोकवर्गणीतून उभारलेला पुतळा 1839 पासून शहरात आहे. 1857 मध्ये क्रूरपणे सूड घेणाऱ्या जनरल नीलचा पुतळा लोकांच्या रेट्यामुळे 1937 मध्ये रस्त्यावरून हटवून संग्रहालयात गेला. मन्रोचा मात्र जागेवर राहिला.

महाराष्ट्रात 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून मोजणी करून रयतवारीची घडी बसवली. पद्धत त्यांची वेगळी, पण व्यवहार थेट शेतकऱ्याशी, हे सूत्र तेच.

गणवेश उतरवून सत्तेत येणारे सेनापती आजही जगभर दिसतात. त्यांना जोखताना किती किल्ले घेतले, हे मोजणं सोपं असतं. त्यांनी खुर्चीत बसून कोणाचं ऐकलं आणि कोणाचं तोंड बंद केलं, हे दोन्ही विचारायला हवं. मन्रोच्या खात्यात दोन्ही जमा आहेत. पुढच्या वेळी सातबारा काढाल, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.