सुगीच्या कुटारातून मेंढ्यांसाठी मुरघास

वाशीम : सोयाबीन व तुरीच्या या जिल्ह्यात सुगीनंतर कुटाराचे ढीग लागतात, उन्हाळ्यात मात्र मेंढपाळांना चाऱ्यासाठी रानोमाळ भटकावे लागते. मुरघास ही उणीव भरून काढू शकतो. कोरड्या कुटारात ओलावा आणि साखर कमी असल्याने ते एकटे मुरत नाही. त्यासाठी हिरवा मका किंवा ज्वारी आणि प्रथिनयुक्त चवळीची बारीक कुट्टी करून त्यात थोडे कुटार व गुळाचे पाणी मिसळावे लागते. ओलावा ६५ ते ७० टक्के राखून कुट्टी खड्ड्यात घट्ट दाबतात व हवाबंद करतात. जिवाणूंनी निर्माण केलेल्या आम्लामुळे चारा टिकतो आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांत तयार होतो. मेंढ्यांना त्याची सवय हळूहळू लावावी. हवा शिरून बिघडलेला, बुरशी आलेला मुरघास मात्र टाकूनच द्यावा. त्यातील लिस्टेरिया जिवाणू मेंढीच्या मेंदूला सूज आणून जीव घेऊ शकतात.